जावईबापूंची तब्येत

माझ्या वर्गाचं कागदावरचं नाव ‘व्यायाम व प्रबोधन उपक्रम’ असं आहे. कैदी त्याला ‘मास्तरची उठाबस’ म्हणतात, आणि खरं सांगायचं तर त्यांचंच नाव जास्त बरोबर आहे. रोज सकाळी तुरुंगाच्या मैदानावर व्यायाम आणि आठवड्यातून एकदा वाचनालयाच्या खोलीत प्रबोधन. प्रबोधनाचा विषय एकच, स्टिरॉइड घेऊ नका. ते माना डोलावतात. मान डोलावण्यात तुरुंगातल्या माणसाचा हात कोणी धरणार नाही. अधीक्षक साहेबांपुढे डोलावतात, वकिलापुढे डोलावतात, माझ्यापुढेही डोलावतात, आणि बराकीत परत जाऊन जे करायचं तेच करतात.

त्या इंजेक्शनांना इथे ‘हवा’ म्हणतात. अमक्याने हवा भरून घेतली, तमक्याची हवा कमी पडायला लागली. ती आत कशी येते हे शोधणं पहारेकऱ्यांचं काम. ते गाद्या उसवतात, बादल्या उलट्या करतात, कधी काही सापडतं, बऱ्याचदा सापडत नाही. माझं काम म्हणे ती माणसाच्या मनातून काढायची. नेमणूक करताना साहेब हे अशा सहजतेने म्हणाले होते, की जणू मनाला बाहेरून झाकण असतं.

या कामाने माझ्या नाकी नऊ आले आहेत, उगाच गोड कशाला बोलू. गुडघा दुखतो. शिट्टी वाजवून वाजवून दात ठणकतात. घरी बायको म्हणते, तुमचे कैदी नाही सुधारले तरी चालेल, तुम्ही आधी जिना नीट उतरायला लागा.

बाहेरच्या लोकांना वाटतं, हवा भरणाऱ्यांना शरीर कमावण्याची हौस असते. हौस कसली डोंबलाची. बराकीला दोन टोकं असतात. एका टोकाला खिडकी, म्हणजे वारा आणि उजेड. दुसऱ्या टोकाला संडास. कोणाची गादी कुठे, हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही. ते दंड बघून ठरतं. बळी तो कान पिळी. ज्याचा दंड जाड, तो खिडकीखाली झोपतो, त्याला पाणी आधी मिळतं, त्याच्या साबणाला कोणी हात लावत नाही. आणि मी त्यांना सांगतो, रोज नेमाने जोर काढा, वर्षभरात फरक दिसेल. वर्षभर संडासाशेजारी झोपून बघावं माणसाने, मग कळतं वर्ष केवढं असतं ते.

उन्हाळ्याच्या तोंडावर मी तुरुंगाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना वर्गात बोलावलं. बाई कमी बोलणाऱ्या आणि स्पष्ट. त्यांनी भिंतीवर चित्रं दाखवली. हे यकृत, हे हृदय, हे असं सुजतं, हे असं थकतं. मागच्या रांगेत जांभया सुरू झाल्या. यकृत काय, कोणी पाहिलंय? मग बाई म्हणाल्या की यातल्या काही औषधांनी पुरुषाला बाईसारखी छाती येते, आणि औषध थांबवलं तरी ती जाईलच असं नाही.

कोणीही हसलं नाही. एरवी त्या खोलीत ‘बाई’ हा शब्द नुसता उच्चारला तरी फिदीफिदी करणारी ही माणसं. सगळ्यात दांडगे होते ते फरशीकडे बघत बसले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की एवढ्या उकाड्यात बाकीचे कैदी उघड्या अंगाने बसतात, पण हे दांडगे कधीच अंगातलं काढत नाहीत. मैदानावरसुद्धा शर्टाच्या आत त्यांनी काहीतरी घट्ट घातलेलं असतं.

ते काय असतं हे मला दोन दिवसांनी तुरुंगाच्या शिवणखात्यात कळलं. माझी पँट गुडघ्यावर उसवली होती म्हणून गेलो होतो. तिथे शिक्षा भोगणारा एक म्हातारा शिंपी आहे. सगळे त्याला मामा म्हणतात, कारण त्याचा जावई त्याला मामा म्हणतो, आणि तो जावईही याच तुरुंगात, त्याच्याच बराकीत आहे. म्हणून सगळे त्याला जावई म्हणतात. इथे येणारा प्रत्येक जण सरकारचा जावई, पण सासऱ्यासकट आलेला हा एकटाच, असा विनोद पहारेकरी नव्या माणसाला आवर्जून ऐकवतात.

विनोद ठीक आहे, हकिगत वाईट आहे. मामांचं शेजाऱ्याशी सामाईक भिंतीवरून भांडण होतं. एका संध्याकाळी ते पेटलं, तेव्हा मामांनी जावयाला फोन करून ‘जरा येऊन जा’ म्हणून बोलावलं. जावई वायरमन, काटकुळा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तो आला, ढकलाढकली झाली, शेजारी पायरीवर डोक्यावर पडला तो उठलाच नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात तसं झालं. मामांच्या मुलीचा बाप आणि नवरा एकाच दिवशी आत गेले. ती महिन्यातून एकदा येते आणि एकाच जाळीपलीकडे दोघांना भेटते.

मामांच्या मशीनवर त्या दिवशी जाड कापडाचं एक बनियन होतं. पुढून दुहेरी, बगलेत चुणी घेतलेलं, अंगाला आवळून बसेल असं. मी विचारलं, हे कोणासाठी? मामा म्हणाले, गिऱ्हाइकासाठी. कोण गिऱ्हाईक, म्हटल्यावर त्यांनी पाय मशीनवरून काढला आणि मला शांतपणे समजावलं. माणसाचं जे शिंप्याला कळतं ते शिंप्याच्या पोटातच राहायला हवं. कोणाचा एक खांदा उतरलेला असतो, कोणाचं पोट लग्नाआधीच सुटलेलं असतं. हे बोलायला लागलो असतो तर बाहेर माझं दुकान चाललं नसतं, आणि इथे तर मी दुसऱ्या दिवशी उठलो नसतो. तुम्ही मला नावं विचारू नका, मास्तर.

मी विचारली नाहीत. पँट घेऊन निघालो तर मामांनी थांबवलं. त्यांचा चेहरा उजळला होता.

“आमच्या जावईबापूंची तब्येत बघितलीत का? आले तेव्हा हाडांचा सापळा होता. मुलगी रडायची बघून. आता बघा कसे भरलेत. ही सगळी तुमच्या व्यायामाची कृपा हो.”

मी काय बोलणार? जावई माझ्या वर्गात यायचा, पण मागे उभा राहून हात अर्धेच वर करायचा. तेवढ्यावर काडीचा ओंडका होत नाही. त्याच्या मानेवर पुरळ आलं होतं, डोळे लालसर झाले होते, आणि शब्दाने शब्द वाढला की तो अंगावर धावून जायला लागला होता. जगाची बनियनं शिवणाऱ्या या माणसाला घरातलं दिसत नव्हतं. दिव्याखाली अंधार. मी नुसतं ‘हं हं’ केलं आणि बाहेर पडलो. थकलेल्या माणसाला गप्प बसणं नेहमीच शहाणपणाचं वाटतं.

पुढच्याच आठवड्यात जावई मैदानावर कोसळला. ऊन होतं, पण एवढंही नव्हतं. आम्ही त्याला सावलीत ओढलं. मी बाकीच्यांना लांब पिटाळून त्याच्या शर्टाची बटणं काढली. आत बनियन नव्हतं. फाडलेल्या चादरीच्या पट्ट्या छातीभोवती करकचून गुंडाळलेल्या होत्या, आणि कडेची कातडी सोलवटली होती. सासऱ्याकडे बनियन शिवायला टाकायची लाज, म्हणून याने स्वतःला असं बांधून घेतलं होतं. गाठ सोडल्यावर त्याला धड श्वास आला. शुद्धीवर आल्याबरोबर त्याने माझं मनगट धरलं. म्हणाला, मास्तर, मामांना सांगू नका.

डॉक्टरबाईंनी त्याला दवाखान्यात ठेवून घेतलं, तपासलं, आणि मग मला व्हरांड्यात बोलावलं. हवा भरताना जो पकडला जातो त्याला शिक्षेतली सूट मिळत नाही, असा इथला नियम आहे. बाईंनी रजिस्टरमध्ये ‘उन्हामुळे चक्कर’ एवढंच लिहिलं होतं. पण तोंडाने सांगितलं ते वेगळं होतं. रक्तदाब भलताच वाढलेला आहे, हृदय या वयात असायला नको तेवढं थकलेलं आहे. “हे असंच चालू राहिलं तर हा सुटून घरी जाईल असं मी म्हणणार नाही,” त्या म्हणाल्या. “आणि थांबवलं की मन खचतं. तेव्हा त्याला एकटं सोडू नका.” म्हणजे कोणी? तर मी.

दवाखान्यातून परत आल्यावर चादर पुन्हा बांधली जाणार, हे उघड होतं. उघड्या छातीने बराकीत फिरला असता तर त्याला जिवंतपणी फाडून खाल्लं असतं. म्हणून मी मामांकडे गेलो. म्हटलं, एक बनियन हवंय, श्वास घेता येईल असं, पण वरून दिसणार नाही असं. अंगाचा अंदाज हाताने दाखवला. मामांनी माझ्या हातांकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, माणूस आणा. मी म्हटलं, माणूस यायला तयार नाही. ते म्हणाले, ऐकीव मापावर मी जन्मात कात्री चालवलेली नाही. माणूस समोर उभा राहील तर शिवीन, नाहीतर राहू द्या त्याला तसाच.

म्हाताऱ्याचा हट्ट बघून माझं डोकं फिरलं. मी जावयाकडे गेलो आणि त्याला सांगितलं, सासऱ्यासमोर उभा राहा. त्याने नाही म्हणून मान हलवली. मग मी जे बोललो ते प्रबोधनाच्या कुठल्याच पुस्तकात नसेल. म्हटलं, मग चादरीत गुदमरून मर, माझी एक शिट्टी कमी वाजेल. आणि पाय आपटत निघून आलो, म्हणजे जो आपटता येतो तो एक पाय.

दुसऱ्या दिवशी तो आपणहून शिवणखात्याच्या दाराशी येऊन उभा होता. मी पहारेकऱ्याला सांगून बाकीच्या शिंप्यांना चहाला पाठवलं आणि दार ओढून घेतलं. जावयाला बघून मामा आधी हसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा जावयाकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कुठे ठेवायचं ते त्यांना कळेना.

“शर्ट काढा, जावईबापू,” एवढंच म्हणाले.

त्यांनी माप घेतलं. इतर गिऱ्हाइकांचं घेतात तसंच घेतलं, नजर भिंतीकडे, बोटं टेपवर. टेप हातातून निसटली, ती त्यांनी वाकून उचलली आणि पुन्हा घेतलं. छातीपाशी आल्यावर त्यांचे हात क्षणभर थांबले. मग त्यांनी टेपची नीट गुंडाळी केली आणि स्टुलावर बसले.

“मुलीला मी दर भेटीत सांगत होतो, व्यायामाने झालंय म्हणून,” ते म्हणाले. “काय गरज होती हो याची? तुम्ही काय कुस्त्या मारणार होतात?”

जावई शर्टाची बटणं लावत राहिला. मग खाली बघूनच त्याने विचारलं, “मामा, तुमची गादी खिडकीखाली कशी आली?”

“वयाकडे बघून दिली त्यांनी. आणि मी सगळ्यांचं शिवून देतो.”

“आपण आलो त्या महिन्यात तुमचा चष्मा फोडला, तुमचं ताट उपडं केलं, तुम्हाला संडासाच्या दारात झोपवलं. तेव्हा काय तुमचं वय कमी होतं?”

मग जावयाने सगळं सांगितलं, हळू आवाजात, लाईट दुरुस्त करताना कुठली तार कुठे जाते ते सांगावं तसं. सासऱ्याला ढकलतात आणि आपण काटकुळे बघत राहतो, हे त्याला सहन होईना. मध्ये पडला तर त्यालाही धुतला. मग एकाने सांगितलं, हवा भर. भरली. दंड दिसायला लागले तसे लोक बाजूला सरकले, आणि एक दिवस त्यानेच मामांची गादी उचलून खिडकीखाली टाकली. कोणी चकार शब्द काढला नाही. बायकोला त्याने आत येताना सांगितलं होतं की बाबांना मी सांभाळीन. दुसऱ्या कुठल्या मार्गाने सांभाळणं त्याला जमलं नसतं.

मी दाराला टेकून उभा होतो. यकृत, हृदय, चित्रं, जोर, बैठका, माझं सगळं सगळं त्या खोलीत कवडीमोलाचं झालं होतं. या माणसाने स्टिरॉइड अज्ञानापायी घेतलंच नव्हतं. त्याला कसलं प्रबोधन करायचं?

मामांनी त्याच दिवशी ते बनियन शिवून दिलं. सैल, हवेशीर, वरून काही कळू नये असं. आणि संध्याकाळी बराक बंद व्हायच्या आधी त्यांनी खिडकीखालची आपली गादी गुंडाळली, सगळ्यांच्या देखत बराकीच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि संडासाशेजारी अंथरली. हे मला पहारेकऱ्याने सांगितलं. कोणीतरी विचारलं तर म्हणाले, वाऱ्याने खोकला होतो. जावई जागच्या जागी उभा राहिला. त्याच्या दंडावर मिळालेली जागा म्हाताऱ्याने परत केली होती, हे बराकीत कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

जावयाने हवा थांबवली. हे वाक्य लिहायला सोपं आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. तो उतरला, दंड ओघळले, जेवण सुटलं, भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. मामांची मुलगी भेटीला आली त्या दिवशी तो जाळीपाशी गेलाच नाही. मी रोज सकाळी बराकीच्या दाराशी जाऊन त्याला हाका मारायचो. तो शिव्या द्यायचा, मग यायचा. त्याला जोर नाहीत, बैठका नाहीत, नुसतं माझ्याबरोबर मैदानाच्या कडेने चालायचं. दोघंही लंगडे, मी गुडघ्याने आणि तो आतून. कित्येक वर्षांनी मला वाटलं की व्यायामाचा काहीतरी उपयोग आहे. दंड वाढवायला नव्हे, भिंतीकडचं तोंड इकडे वळवायला.

वर्गातही मी यकृत बंद केलं. विचारलं, बराकीत कोण कुठे झोपतं आणि का? पहिल्यांदाच कोणी मान डोलावली नाही. आधी कुजबुज, मग भांडण, मग एवढा गोंगाट की पहारेकरी डोकावून गेला. काय ठरलं? काहीही नाही. गाद्यांच्या जागा पाळीपाळीने द्याव्यात म्हणून मी साहेबांना भेटलो. साहेब ‘बघू’ म्हणाले. साहेबांचं ‘बघू’ अजून चालू आहे.

आणि मग परवाची सकाळ. मैदानावर सगळे रांगेत होते. मामा शिवणखात्याकडे जाताना कडेला थांबले, तेव्हा त्यांचा ओठ सुजलेला दिसला. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती आणि डावा हात ते अंगाशी धरून होते. मी विचारायच्या आत म्हणाले, नळावर पाय घसरला. नळावर घसरलेल्या माणसाच्या गळ्यावर बोटं उमटत नाहीत.

जावई रांग सोडून माझ्यापाशी आला.

“एकदाच हवा भरतो, मास्तर,” तो म्हणाला. “महिन्याभरात सगळे पुन्हा सरळ होतील. मी चुकीचं बोलत असेन तर सांगा.”

तो चुकीचं बोलत नव्हता. मला त्याचाच शीण आला होता. आयुष्यभर दुसऱ्यांना ‘नको’ म्हणायची नोकरी केली, आणि जिथे एक कारण हवं होतं तिथे माझ्याकडे एकही नव्हतं. मी साहेबांकडे पुन्हा जाईन असं काहीतरी पुटपुटलो. त्याने ते ऐकलंही नाही.

मामा जवळ आले. सुजलेल्या ओठामुळे त्यांचे शब्द नीट फुटत नव्हते, पण ते सावकाश बोलले आणि सगळ्या रांगेला ऐकू गेलं.

“जावईबापू, मार मी खाईन. तेवढं मला जमतं. भांडण माझं होतं, तुम्हाला मी बोलावलं होतं. पण तुमचं काही झालं, तर जाळीपाशी जाऊन ते पोरीला सांगायला मला तोंड नाही. तेवढं काम माझ्यावर टाकू नका.”

जावई मातीत बसला आणि हमसून हमसून रडला, सगळ्या बराकीसमोर. कोणी हसलं नाही, आणि मीही शिट्टी वाजवली नाही. मामा त्याच्या बाजूला उभे राहिले, त्याला उठवलं नाही, डोक्यावर हातही ठेवला नाही. थोड्या वेळाने ते शिवणखात्याकडे न जाता शेवटच्या रांगेत गेले आणि चपला काढून उभे राहिले. ते आजवर कधी वर्गात आले नव्हते. जावई उठला, डोळे शर्टाला पुसले आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

मी हात वर घ्यायला सांगितलं. डावा हात उचलताना मामांना कळ आली, ती मला दिसली. जावयालाही दिसली. त्याने समोरच्या रांगेतल्या त्या दांडग्यांच्या रुंद पाठींकडे पाहिलं, मुठी आवळल्या, बराच वेळ तशाच धरल्या. मग सगळ्यांबरोबर त्यानेही हात वर केले.